हात न दिसणारं हत्यार

कपडे जाडेभरडे घाला. रेशमी मोजे नकोत, चांदीची बक्कलं नकोत. आपण निघालोय त्या काळात ती आज मानाची असतात आणि उद्या जिवावर बेततात. टोपीला लाल-पांढरा-निळा कापडी बिल्ला टाचून घ्या. रस्त्यात कुणी ‘मस्यू’ म्हणून हाक मारली तर क्रांती अजून कोवळी आहे असं समजा. ‘सितोयाँ’, म्हणजे ‘नागरिक’, अशी हाक आली तर जपून. बोलायचं कमी, बघायचं जास्त.

आपल्याला एका यंत्राचा माग काढायचाय. गिलोटिन. हा शब्द तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलाय आणि अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या बातम्यांतही. दोन्हीकडे काहीतरी एका फटक्यात तोडलं जातं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. या फेरीत जरा वेगळं बघायचंय. प्रत्येक मुक्कामी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे काम नक्की कुणी केलं?

पॅरिस, १ डिसेंबर १७८९

तुम्ही मानेजमध्ये आहात, प्रेक्षकांच्या सज्जात. ट्विलरी राजवाड्याच्या बागेला लागून असलेली ही घोडेस्वारी शिकवायची इमारत. गेल्या महिन्यात राष्ट्रीय सभेने इथे बस्तान हलवलं. दालन लांबट आणि अरुंद, त्यामुळे एका टोकाचं भाषण दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत विरून जातं. हवा कोंदलीय. सज्जातले लोक सभासदांइतक्याच मोठ्याने मतं देतायत.

आता उठले ते डॉक्टर जोझेफ-इग्नास गियोतां. वय ५१. जूनमध्ये राजाने व्हर्सायमधल्या दालनाला टाळं लावलं तेव्हा जवळच्या टेनिस कोर्टात जमायचं सुचवणारे हेच. तिथे घेतलेली शपथ पुढे जगभर गाजली. जागा सुचवणाऱ्याला फारसं कुणी लक्षात ठेवलं नाही. त्यांचं नाव गाजायचं होतं ते दुसऱ्याच कारणाने.

त्यांचं म्हणणं समजायला आजवरची रीत माहीत हवी. सरदाराला मरण तलवारीचं, सामान्याला दोराचं. दरोडेखोराला चाकावर बांधून लोखंडी कांबीने त्याची हाडं मोडायची. पंधराव्या लुईवर चाकू चालवणाऱ्या दामिएंला १७५७ मध्ये याच शहरात चार घोडे जुंपून फाडलं; ते कित्येक तास चाललं आणि लोक खिडक्या भाड्याने घेऊन बघत बसले. मरतानाही माणसाची पायरी सुटत नव्हती. मेल्यावर कलंक घरच्यांना आणि मालमत्ता सरकारजमा.

गियोतां सांगतायत: गुन्हा एक तर शिक्षा एक, माणूस कोणत्याही कुळातला असो. घरच्यांवर डाग नको, जप्ती नको, प्रेत मागितलं तर नातेवाइकांना द्यावं. आणि शिरच्छेद एखाद्या साध्या यंत्राने व्हावा. बोलता बोलता डॉक्टर रंगात येतात. माझं यंत्र पापणी लवायच्या आत तुमचं डोकं उडवेल आणि तुम्हाला कळणारही नाही, असं काहीसं बोलून जातात. सभागृह खो-खो हसतं. तुमच्या शेजारचा तर गुडघ्यावर थाप मारून हसतोय.

यंत्र अजून कागदावरही नाही, पण नाव पडलंच. राजाच्या बाजूच्या एका टवाळ नियतकालिकाने गाणं छापलं आणि डॉक्टरांचं आडनाव यंत्राला चिकटवलं. त्यांनी ते यंत्र बनवलं नाही आणि लोक समजतात तसे ते त्याखाली मेलेही नाहीत. १८१४ मध्ये आजारपणात अंथरुणावर गेले. मधल्या काळात देवीच्या लसीचा प्रसार केला. आडनाव मात्र सुटलं नाही.

तीच इमारत, ३० मे १७९१

दीड वर्ष पुढे या, जागा हलू नका. खालचा विषय दंडसंहितेचा. व्यासपीठावर आरासहून आलेला एक ३३ वर्षांचा वकील आहे. केस पावडर लावून नीट बसवलेले, आवाज बारीक, हातात कागद. तो म्हणतोय की मृत्युदंड रद्द करा. तो अन्याय्य आहे आणि त्याने गुन्हे कमीही होत नाहीत. न्यायाधीश चुकू शकतात आणि मेलेल्या माणसाकडे जाऊन चूक दुरुस्त करता येत नाही, हा त्याचा मुद्दा बिनतोड आहे. सभा ऐकून घेते आणि नाकारते. त्यानंतर काही दिवसांतच ठरतं: मृत्युदंड राहील, आणि ज्याला तो मिळेल त्याचं शिर कापलं जाईल. सरदार असो की चांभार.

वकिलाचं नाव टिपून ठेवा. माक्सिमिलिएं रोबेस्पिएर.

मार्च १७९२, कागदपत्रांची खोली

कायदा झाला, आता तो अमलात आणायचा कसा? मेजावर तीन कागद आहेत. तीनही वाचा, या सगळ्या प्रवासात याहून महत्त्वाचं काही हाती लागणार नाही.

पहिला कागद पॅरिसचा जल्लाद शार्ल-आंरी सांसों याचा. हा पिढीजात धंदा, बापानंतर मुलगा. सांसों कळवतो की सगळ्यांचीच डोकी तलवारीने उडवायची तर ते जमणार नाही. एका घावानंतर धार जाते. त्याच्याकडे तलवारी दोनच, एकेकीची किंमत ६०० लिव्र. शिवाय जल्लादाचा हात स्थिर हवा आणि मरणाऱ्याची मानही. सरदार मंडळी निश्चल बसायची. घाबरलेला माणूस तसा बसेल याची हमी कोण देणार? कागदभर कुठेही दयेचा शब्द नाही. एका कारागिराने कामाच्या अडचणी सांगाव्यात तशा सांगितल्यात.

दुसरा कागद ७ मार्चचा, शस्त्रक्रिया अकादमीचे सचिव डॉ. आंतवान लुई यांचा अहवाल. त्यात एक नाव आहे, ते आपल्या ओळखीचं. लाली. पुदुच्चेरीतला फ्रेंच सेनापती. १७६१ च्या जानेवारीत त्याने ते शहर इंग्रजांच्या स्वाधीन केलं आणि हिंदुस्थानातल्या फ्रेंच सत्तेचं स्वप्न तिथेच आटोपलं. मायदेशी त्याच्यावर देशद्रोहाचा खटला भरला आणि १७६६ मध्ये प्लास द ग्रेव्ह या चौकात त्याला गुडघ्यावर बसवून मानेवर वार केला. मान तुटली नाही. तो पुढे कोसळला आणि उरलेलं काम आणखी तीन-चार वारांत उरकावं लागलं. डॉ. लुई हे उदाहरण देऊन सांगतात की माणसाच्या हातावर विसंबता येणार नाही. मानेचे मणके, स्नायू, पात्याचा आकार यांची चिकित्सा करून ते यंत्र सुचवतात. इंग्लंडात अशी यंत्रं होती, याचाही हवाला देतात.

तिसरा कागद हिशेबाचा. सरकारी सुतार गिदों याने यंत्रासाठी ५,६६० लिव्र मागितले. इतके का, तर असल्या कामाला माणसं मिळत नाहीत. हे बरोबरही होतं आणि नव्हतंही. दुसरे कारागीर याहून पुष्कळ कमी पैशांत काम करायला तयार होते. अट एवढीच की करारावर आपली सही नको आणि नाव बाहेर फुटायला नको. शेवटी काम गेलं तोबियास श्मिट या जर्मन माणसाकडे, हजार लिव्रच्याही आत. त्याचा मूळ धंदा हार्पसिकॉर्ड बनवायचा.

यंत्र उभं राहायच्या आधीच प्रत्येकाला त्याच्यापासून हात लांब ठेवायचा होता, हे या तीन कागदांत दिसतं. जल्लादाला हात थरथरेल ही भीती, डॉक्टरला माणसाच्या हातावर भरवसा नाही, कारागिरांना हाताचा ठसा नको.

बिसेत्र, १७ एप्रिल १७९२

पॅरिसच्या दक्षिणेला बिसेत्र आहे. अर्धं इस्पितळ, अर्धा तुरुंग. आवारात यंत्र उभं केलंय. डॉ. लुई आहेत, गियोतां आहेत, आणखी काही नामांकित डॉक्टर आहेत. आज प्रेतांवर चाचणी. तुम्ही पुढे व्हा, नीट बघा.

दोन पुरुषांहून उंच असे दोन खांब, मधे जेमतेम फूटभर अंतर. खांबांच्या आतल्या बाजूला खोबण, तिला चरबी चोळलेली. वर तिरकं पातं. सरळ पातं दाबून तोडतं, तिरकं सरकत कापतं, म्हणून धार उतरती. पात्याच्या माथ्यावर जड वजन आहे. त्याला इथले लोक ‘मूतों’ म्हणतात, मेंढा. पातं हलकं, मेंढा भारी. दोन्ही मिळून मणभर तरी भरतील. खाली दोन फळ्यांच्या मधे मान अडकवायचं भोक, त्यातली वरची फळी उचलता येते. समोर एक फळी उभी. माणसाला तिच्याशी पट्ट्याने बांधायचं, आडवी पाडायची आणि पुढे ढकलायची. पलीकडे टोपली, तिच्यात कोंडा.

आता बाजूचा खटका बघा. सगळं काम हा करतो. याला जोर लागत नाही, नेम लागत नाही, शिकावं लागत नाही. खटका ओढल्यावर पुढचं काम वजन करतं. पातं पडतं, आवाज दोनदा येतो, आधी खोबणीतली घसरण आणि मग खालचा धक्का. डॉक्टर मंडळी मान बघतात, एकमेकांकडे बघतात आणि समाधान व्यक्त करतात. इथे कुणी क्रूर दिसत नाही. सगळे शिकलेले, कनवाळू, सुधारणावादी लोक आहेत.

प्लास द ग्रेव्ह, २५ एप्रिल १७९२

आठ दिवसांनी, दुपारी साडेतीनच्या सुमारास नगरभवनासमोरच्या चौकात या. पाकीट सांभाळा, गर्दी प्रचंड आहे. आज निकोला-जाक पेलेतिए नावाच्या वाटमाऱ्याची पाळी. नव्या यंत्राचा पहिला मानकरी. एरवी याला चाकावर किंवा दोरावर मरण आलं असतं. आज एका चोराला सरदाराचं मरण मिळतंय.

लोक सकाळपासून जागा धरून आहेत. बापांनी पोरांना खांद्यावर घेतलंय. पेलेतिए येतो, चढतो, फळी आडवी होते आणि संपतं. तुमच्या पुढचा उंच माणूस टोपी काढेपर्यंत सगळं झालेलं असतं. चौकात कुजबुज सुरू होते आणि मग ती नाराजीची होते. काही दिसलंच नाही. गर्दी कुरकुरत पांगते; दुसऱ्या दिवशी जुन्या फाशीच्या खांबाची आठवण काढणारेही निघतात.

ही नाराजी विचार करण्यासारखी आहे. चाकावरची किंवा दोरावरची शिक्षा लांबायची, त्यात काहीही घडू शकायचं. दोर तुटायचा, जल्लाद चुकायचा, गर्दीला दया यायची, कधी गर्दी खवळून जल्लादावर धावून जायची. त्या वेळात माणूस मरताना दिसायचा. आज तो वेळच उरला नाही. त्याच रात्री दूर स्त्रासबुर्गमध्ये रुझे द लील नावाचा एक अधिकारी एक समरगीत रचतो, ते पुढे फ्रान्सचं राष्ट्रगीत होतं. एका दिवसात क्रांतीने आपलं गाणंही मिळवलं आणि आपलं यंत्रही.

रू सेंत-ओनोरे, १६ ऑक्टोबर १७९३

बिल्ला जागेवर आहे ना? आता तो सक्तीचा आहे. जानेवारीत सोळाव्या लुईला या यंत्राकडे नेलं ते बंद घोडागाडीतून. आज त्याची विधवा उघड्या लाकडी गाडीतून येतेय, हात मागे बांधलेले, केस मानेपासून कापलेले, अंगात पांढरा साधा पोशाख. वय ३७, दिसते साठीची. वरच्या एका खिडकीत चित्रकार दाव्हिद कागद घेऊन बसलाय. थोड्याच रेषांत तो तिला उतरवतो. ओठ मिटलेले, पाठ ताठ. त्याला तिच्याबद्दल कणव नाही, आणि म्हणूनच ते चित्र खरं वाटतं.

गाडी मोठ्या चौकात येते. पूर्वीच्या राजाचा पुतळा होता तिथे आता स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आहे. पायऱ्या चढताना मारी आंत्वानेतचा पाय जल्लादाच्या पायावर पडतो आणि ती त्याची माफी मागते, मुद्दाम नाही केलं म्हणते, असं सांगतात. सव्वाबाराला काम आटोपतं.

लोकांच्या बोलण्याकडे कान द्या. यंत्राला कुणी ‘राष्ट्रीय वस्तरा’ म्हणतं, कुणी ‘विधवा’. मरण्याला ‘छोट्या खिडकीतून डोकावणं’ म्हणतात, ‘पोत्यात शिंकणं’ म्हणतात. ज्या गोष्टीकडे सरळ बघवत नाही तिला लोक अशी लाडाची नावं देतात. दुकानांत गिलोटिनच्या आकाराची कर्णभूषणं मिळतात. मुलांची खेळणीसुद्धा. जर्मनीत कवी गटेला आपल्या लहान मुलासाठी असलं खेळणं हवं असतं. तो फ्रांकफुर्टला आईला पत्र लिहितो. आई साफ नकार देते. या सगळ्या धामधुमीत ठामपणे ‘नाही’ म्हणणारं एक माणूस सापडतं ते हे, आणि ती एक आजी असते.

पंधरा दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, याच चौकात क्रांतिकारकांमधल्याच जिरोंद गटाच्या वीसेक नेत्यांना मारायला चाळीस मिनिटंही लागली नाहीत. सांसोंकडे जुन्याच दोन तलवारी असत्या तर इतक्यांची यादी करण्याची कुणाची हिंमत झाली असती का, हा प्रश्न मनात ठेवून पुढे चला.

त्रोन-राँव्हर्से, जून-जुलै १७९४

रू सेंत-ओनोरेचे रहिवासी आणि दुकानदार रोजच्या गाड्यांना कंटाळले. यंत्र शहराच्या पूर्वेच्या वेशीकडे हलवलं. चौकाचं नाव ‘उलथवलेलं सिंहासन’. इथे नाक झाकून उभे राहा.

१० जूनला नवा कायदा झालाय. आरोपीला वकील नाही. साक्षीदाराची गरज नाही. निकाल दोनच: सुटका किंवा मरण. न्यायालयही आता यंत्रासारखंच चालतं. एका वेळी जितके लोक पाठवायचे त्याला इथे भट्टीतला घाणा म्हणतात. १४ जून ते २७ जुलै या काळात या एका चौकात १,३०६ जणांना मारलं. जवळच पिकपूस इथल्या मठाच्या बागेत दोन मोठे खड्डे खणलेत. रात्री गाड्या तिकडे जातात. १७ जुलैला काँप्येन्यच्या १६ कार्मेलाइट जोगिणी भजन म्हणत पायऱ्या चढतात. एकेक आवाज कमी होत जातो. त्यानंतर पाच दिवसांनी लाफायेत या सेनापतीच्या बायकोची आजी, आई आणि बहीण एकाच दिवशी जातात. पुढे लाफायेत स्वतः या खड्ड्यांशेजारीच पुरला गेला. त्याची कबर आजही तिथे आहे.

यंत्र सरदारांसाठी होतं असा आपल्याकडे समज आहे. दहशतीच्या त्या पर्वात देशभर न्यायालयांनी मृत्युदंड देऊन मारलेल्यांची संख्या सुमारे १६,६०० भरते, आणि त्यांतले ८० टक्क्यांहून जास्त लोक ना सरदार होते ना धर्मगुरू. कारागीर, शेतकरी, मजूर, दुकानदार. गियोतांना हवी होती ती समता या यंत्राने अक्षरशः अमलात आणली.

आता एकच दिवस पुढे, २८ जुलै, संध्याकाळ. यंत्र पुन्हा मोठ्या चौकात आणलंय. गाडीतून उतरवलेल्या माणसाचा जबडा गोळीने फुटलाय, त्यावर फडकं बांधलंय. जल्लाद ते फडकं ओढून काढतो आणि तो माणूस किंचाळतो. हा तो आरासचा वकील. मृत्युदंड रद्द करा म्हणणारा. मधल्या तीन वर्षांत तो राक्षस झाला असं सोपं उत्तर कुणी देईल. पण त्याने स्वतः एकदाही खटका ओढला नव्हता. त्याने कागदांवर सह्या केल्या, भाषणं केली, समित्यांत बसला. फिर्यादी म्हणे मी कायद्याप्रमाणे चाललो. न्यायाधीश म्हणे कायदा सभेने केला. सभा म्हणे देशाची गरज होती. जल्लाद म्हणे मी फक्त खटका ओढतो. फिर्यादी फुकिए-तेंव्हील यालाही पुढच्या मे महिन्यात त्याच पात्याखाली जावं लागलं आणि आपण हुकूमच पाळले, हाच त्याचा बचाव होता.

लंडन, जून १८८७

आता ९३ वर्षांचा पल्ला. ब्रिटिश संसदेच्या गॅलरीत बसा. आयर्लंडसाठी एक कडक दंडविधेयक आणलंय आणि आयरिश सदस्य एकेक कलमावर तासन्‌तास बोलून ते अडवतायत. सरकार ठराव आणतं: अमुक तारखेला रात्री दहाला चर्चा थांबेल, उरलेली सगळी कलमं चर्चेविना मतास टाकली जातील. वेळ होते, घड्याळ दहा वाजवतं, आणि न बोललेले मुद्दे तसेच राहून जातात. या युक्तीला लोक ‘गिलोटिन’ म्हणू लागतात. नाव चपखल आहे. सदस्याला कुणी गप्प बसवत नाही. अध्यक्ष कुणावर ओरडत नाहीत. वेळ झाली, एवढंच.

व्हर्साय १९३९, मार्सेय १९७७, पॅरिस १९८१

इथे फार रेंगाळायचं नाही. १७ जून १९३९ ला व्हर्सायच्या तुरुंगाबाहेर ऑयगेन वाइडमान या खुन्याला मारलं तेव्हा आसपासची कॅफे रात्रभर उघडी होती आणि एका खिडकीतून चित्रण झालं. सरकारला लाज वाटली. आठवड्याभरात हुकूम निघाला: यापुढे हे चारचौघांत नाही. शिक्षा बंद झाली नाही, भिंतीआड गेली.

भिंतीआडचं बघायचं तर १० सप्टेंबर १९७७ च्या पहाटे मार्सेयच्या बोमेत तुरुंगात या. हामिदा जांदुबी, ट्युनिशियाहून आलेला मजूर. एक पाय अपघातात गेलेला. एका तरुणीचा छळ करून खून केल्याबद्दल शिक्षा झालीय, गुन्ह्याबद्दल शंका नाही. त्याच्या वाटेवर जमिनीभर तपकिरी कांबळी अंथरलीत, पावलांचा आवाज होऊ नये म्हणून. त्याला सिगरेट देतात, रमचा पेला देतात. तो सावकाश पितो. आणखी एक सिगरेट मागतो. हजर राहायची सक्ती असलेल्या एका महिला न्यायाधीशाने हे सगळं त्याच दिवशी लिहून ठेवलं. शेवटच्या क्षणी तिने नजर वळवली. पहाटे ४.४० ला आवाज झाला. जगात गिलोटिनने दिलेली ही शेवटची शिक्षा.

चार वर्षांनी, १७ सप्टेंबर १९८१ ला, न्यायमंत्री रोबेर बादँतेर फ्रेंच संसदेत मृत्युदंड रद्द करायचं विधेयक मांडतात. वकील असताना १९७२ मध्ये त्यांनी आपल्या अशिलाला या यंत्राखाली जाताना पाहिलं होतं. त्या माणसाने स्वतः कुणाचा जीव घेतला नव्हता, हे न्यायालयानेही मान्य केलं होतं. दुसऱ्या दिवशी विधेयक ३६३ विरुद्ध ११७ मतांनी संमत होतं. रोबेस्पिएरने जे मागितलं ते मिळायला १९० वर्षं लागली. मतदान नाव-निशाणीसह झालं. कोण कुठल्या बाजूला होतं ते आजही वाचता येतं.

नवी दिल्ली, २३ मार्च २०२३

शेवटचा मुक्काम घरचा. जुनं गोलाकार संसद भवन, लोकसभेचा प्रेक्षक सज्जा. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, बिल्ला लागत नाही.

लोकसभेच्या कामकाज नियमांत २०८ वा नियम आहे. मंत्रालयांच्या अनुदान मागण्यांवर चर्चेला दिवस ठरवून दिलेले असतात. शेवटच्या दिवशी ठरलेल्या वेळी अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मतास टाकतात. हेच आपलं गिलोटिन. हा नियम गैर नाही, उलट गरजेचा आहे. आर्थिक वर्ष कुणासाठी थांबत नाही आणि शंभरेक मागण्यांवर एकेक करून बोलायचं तर दिवाळी उजाडेल.

पण आजचा दिवस बघा. विरोधकांना अदानी प्रकरणी संयुक्त संसदीय समिती हवीय, सत्ताधाऱ्यांना राहुल गांधींची माफी. बरेच दिवस कामकाज होत नाहीय. संध्याकाळी सहाला सभागृह पुन्हा भरतं. खाली घोषणा चालूच आहेत. अध्यक्ष ओम बिर्ला आधी विरोधकांच्या कपात सूचना, म्हणजे मागण्यांतली रक्कम कमी करायचे प्रस्ताव, मतास टाकतात. त्या आवाजी मतदानाने फेटाळल्या जातात. मग सगळ्या मागण्या एकत्र. त्या आवाजी मतदानाने मंजूर होतात. पाठोपाठ विनियोजन विधेयक, म्हणजे ते पैसे तिजोरीतून काढायची परवानगी. सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा खर्च, चर्चा नाही, वेळ साधारण १२ मिनिटं. २०१८ च्या मार्चमध्येही असंच झालं होतं, अर्ध्या तासाच्या आसपास.

आवाजी मतदानात कुणाचं नाव नोंदलं जात नाही. ‘हो’ कोण म्हणालं आणि ‘नाही’ कोण, कागदावर उमटत नाही. प्रत्येक मुक्कामी विचारलेला प्रश्न इथेही विचारून बघा. मंत्री म्हणतील विरोधकांनी चर्चा होऊ दिली नाही. विरोधक म्हणतील सरकारला चर्चा नकोच होती. अध्यक्ष म्हणतील नियमात वेळ ठरलेली आहे. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी खोटं नाही, आणि तरीही शेती, आरोग्य, शिक्षण यांच्या पैशांवर एक वाक्य बोललं गेलं नाही. इथे रक्त सांडत नाही आणि या दोन गोष्टी एका मापाने मोजणंही बरं नव्हे. पण यंत्राची खुबी तीच राहिली. त्याने वेदना किती कमी केली यावर डॉक्टर १७९५ पासून वाद घालत आले. एक गोष्ट मात्र त्याने निश्चित कमी केली, ती म्हणजे थांबून विचार करायला लागणारा वेळ. आणि त्या वेळाबरोबर जबाबदार माणूसही दिसेनासा झाला.

पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात वर्तमानपत्रात हा शब्द दिसला की लाख कोटींचा आकडा वाचून पान उलटू नका. कोणत्या खात्यांच्या मागण्यांवर चर्चा झाली आणि कोणत्या चर्चेविना गेल्या, ते बघा. तुमच्या मतदारसंघाच्या खासदाराने कपात सूचना दिली होती का, बोलायला वेळ मागितला होता का, हे त्याला किंवा तिला पत्र लिहून विचारा. सभागृहात कोण काय बोललं याचा शब्दशः वृत्तांत लोकसभेच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला असतो.